तालीम म्हणजे शिक्षण

मंडळी, आजचा धडा एका कागदावरून सुचला. तो कसा, ते आधी सांगतो.

भोकरदन तालुक्यात हसनाबाद गाव आहे. तेथे आमचा रात्रीचा वर्ग चाले. येणारे बहुतेक शेतकरी. काही मजूर. दोन-तीन बायाही येत. दिवसभर राबून आलेली माणसे. जोडाक्षर आले की कपाळाला घाम यायचा. पण वर्ग कोणी सोडला नाही.

एका रात्री एक भाऊ आले ते हातात कागद घेऊनच. रंगीत, गुळगुळीत जाहिरात होती. "गुरुजी, हे मी सोताच वाचलं," ते म्हणाले. "आता तुमच्यापुढं वाचतो. चुकलं तर सांगा."

त्यांनी बोट ठेवून वाचले. "प्राचीन चिनी कुंग-फू कराटे. भारतातून चीनला गेलेली गुप्त विद्या. तीन महिन्यांत काळा पट्टा. फी रुपये सहा हजार." 'प्राचीन' या शब्दापाशी ते जरा अडले. बाकी सगळे नीट वाचले. वर्गाने माना डोलावल्या.

मग भाऊ म्हणाले, "माझं लेकरू बारा वर्षांचं. मोबाइलवर चिनी मारामारी पाहतं अन् दिवसभर हातपाय झाडतं. आता हट्ट धरलाय. कपाशीचे पैसे आलेत. भरावे का सहा हजार?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. आम्हाला तरी कुठे सारे ठाऊक होते? "चार दिवस द्या," म्हणालो. वर्गात एक आबा होते. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे दोन्ही कान मोडलेले, कांद्यासारखे गोळा झालेले. कुस्ती खेळलेल्या माणसाचे कान असे होतात. आबा कोपऱ्यातून म्हणाले, "कागद ठेवा बाजूला. आधी मला सांगा, तिथं मेहनत काय करून घेतात?"

आबांचा हा प्रश्न किती नेमका होता, ते आम्हाला चार दिवसांनी कळले. पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले. मग दोन रात्री वर्गात त्यावरच बोललो. ते बोलणे येथे लिहिले आहे.

आधी शब्द पाहू. आपण अक्षरे शिकतो, तेव्हा शब्दांची ओळख करून घेणे हे आपले कामच आहे.

'तालीम' हा शब्द अरबी आहे. त्याचा अर्थ शिक्षण. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळेचे शिक्षण उर्दूत असे. त्यामुळे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना 'तालीम' म्हणजे शाळेतली विद्या हाही अर्थ ठाऊक असे. मराठीत मात्र पैलवान जेथे घडतात त्या जागेला तालीम म्हणू लागले. आणि 'वस्ताद' म्हणजे फारसीतला 'उस्ताद'. म्हणजे शिक्षक. मग तालीम ही शाळाच झाली की नाही? फळ्याऐवजी माती, एवढेच.

आता 'कुंग-फू'. हा शब्द चिनी. आपल्याला वाटते, त्याचा अर्थ मारामारी. चिनी भाषेत तो अर्थ मुळात नाही. पुष्कळ दिवस घाम गाळून अंगी आणलेली कसब, असा त्याचा अर्थ. चांगला स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या हातालाही चिनी लोक कुंग-फू आहे असे म्हणतात. सुंदर अक्षर काढणाऱ्यालाही म्हणतात. आपल्या तालमीत जोर-बैठका काढण्याला काय म्हणतात? 'मेहनत'. "आज मेहनत झाली का?" असे वस्ताद विचारतो. चीनमधला शब्द आणि आपला शब्द एकाच ठिकाणी आले.

म्हणून 'तीन महिन्यांत कुंग-फू' हे बोलणे कसे झाले? पेरल्यापासून तीन दिवसांत कापूस वेचायला या, असे.

त्या जाहिरातीत दुसरीही चूक होती. कराटे ही विद्या चीनची नव्हे. ती जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर वाढली. तिच्यावर चिनी विद्येची छाप आहे, हे खरे. पण ती वेगळी विद्या आहे. आणि काळा पट्टा? तोही जपानचा. ज्युदो नावाची कुस्ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेथे सुरू झाली. तिच्या शिष्यांसाठी हे पट्टे निघाले. जुन्या चिनी गुरूंकडे पट्टेबिट्टे काही नव्हते. म्हणजे चिनी विद्येचा काळा पट्टा प्राचीन काळापासून चालत आला, असे जो छापतो, त्याला ती विद्या किती ठाऊक असेल, याचा अंदाज करा.

"अन् ते भारतातून गेलेलं?" एका बाईंनी विचारले. "ते तरी खरं का?"

गोष्ट अशी सांगतात. आपल्या देशातला बोधिधर्म नावाचा भिक्षू चीनला गेला. तेथे हेनान प्रांतात शाओलिन नावाचा बौद्ध मठ आहे. इ.स. ४९५ च्या सुमारास तो बांधला. भिक्षू ध्यानाला बसून बसून अशक्त झाले होते. बोधिधर्माने त्यांना व्यायाम शिकवला आणि त्यातून ही विद्या निघाली. गोष्ट ऐकायला गोड आहे. आपल्याला अभिमान वाटावा अशीही आहे. पण ज्या पुस्तकाच्या आधाराने ती सांगतात, ते सतराव्या शतकातले आहे. बोधिधर्मानंतर हजार वर्षांनी लिहिलेले! जाणते लोक ती गोष्ट खरी धरत नाहीत. चीनमध्ये शस्त्रांची आणि कुस्तीची विद्या बौद्ध भिक्षू येण्याच्या आधीपासून होती. शाओलिनच्या भिक्षूंनी इ.स. ६२१ मध्ये एका लढाईत तेथल्या राजपुत्राला मदत केली, हे मात्र दगडावर कोरलेले आहे. पुढे ते लाठी चालवण्यात नावाजले.

छापलेले सगळेच खरे नसते. हे आम्ही वर्गात पुन्हा पुन्हा सांगतो.

मग खरी चिनी विद्या शिकवतात तरी कशी? नवा शिष्य आला की गुरू त्याला मारायला शिकवत नाही. उभे राहायला शिकवतो. पाय फाकवायचे. गुडघे वाकवायचे. घोड्यावर बसल्यासारखे बसायचे, पण खाली घोडा नाही! मांड्या जमिनीला समांतर. तसेच थांबायचे. एका मिनिटात पाय लटपटतात. जुने गुरू महिनोन् महिने हेच करून घेत. मग एकट्याने करायचे ठरलेले हातवारे आणि पावले येतात. एकाला जोडून दुसरे, दुसऱ्याला जोडून तिसरे. कवायतीसारखे. तेच रोज. मग लाठी, भाला, तलवार. जोडीदाराबरोबरची झुंज फार पुढे. काही प्रकार तर अगदी संथ असतात. चीनमध्ये म्हातारी माणसे सकाळी बागेत तसले हात हळूहळू फिरवताना दिसतात.

गुरूला तेथे 'शीफू' म्हणतात. 'शी' म्हणजे शिक्षक. 'फू' म्हणजे बाप. शिष्य करून घेताना तो गुरूला वाकून नमस्कार करतो, चहा देतो. आपल्याकडे वस्तादापुढे नारळ ठेवतात.

हे ऐकून आबा हसले. "आमचंबी हेच की! मला वस्तादानं पहिले सहा महिने डाव दाखवला नाही. माती खांद म्हणाला."

येथे आबांना थोडे बोलू द्यावे. कारण आपल्या तालमीची गोष्ट त्यांच्याकडेच होती.

आपल्या मराठवाड्यात जमीन काळी. पाणी लागले की चिखल, वाळली की दगड. त्या मातीत कुस्ती होत नाही. म्हणून तालमीसाठी तांबडी माती दुरून आणावी लागते. ती चाळतात. खडे काढतात. तिच्यात तेल, ताक, हळद घालतात. कोणी कडुलिंबाचा पाला घालतात. मग ती रोज फावड्याने उकरायची, पाय देऊन सारखी करायची. हे काम नव्या पोरांचे. "पोरगं समजतं, आपल्याला गड्याचं काम लावलं," आबा म्हणाले. "पण फावडं मारता मारता खांदा तयार होतो. कंबर तयार होते. अन् रग जिरते. ज्याला रागच जिरवता येत नाही, त्याला डाव शिकवून काय करता? गावात भांडणं लावायची?"

माती झाली की मेहनत. जोर, बैठका, सपाटे. जोर काढताना अंग धनुष्यासारखे वाकते आणि सरळ होते. पहिल्या दिवशी दहा जोर काढले की हात थरथरतात. महिन्याने पन्नास. काही मोठे पैलवान हजारावर जात, असे सांगतात. त्यानंतर मुद्गल, करेला, दोरावर चढणे. मानेचे व्यायाम वेगळे. कुस्तीत सारा भार मानेवर येतो. मान कच्ची असेल तर वस्ताद पोराला लढतीत उतरवत नाही. हे फार महत्त्वाचे आहे. घाईने उतरवलेले पोर मानेला दुखापत करून घेते. ती दुखापत जन्माची असू शकते.

मग पडायला शिकवतात! होय. पाडायला नंतर, आधी पडायला. अंग सैल कसे सोडावे, हात खाली कसा टेकू नये. हात टेकला की मनगट गेले. आणि मग डाव. ढाक, टांग, मोळी, घिस्सा, कलाजंग, धोबीपछाड. नावे ऐकूनच मौज वाटते. धोबी दगडावर कपडा आपटतो, तसे समोरच्याला खांद्यावरून आणायचे, तो धोबीपछाड. मोळी म्हणजे लाकडाची मोळी बांधावी तसे गड्याला आवळायचे. डावांची नावे आपल्या कामाधामांतूनच आली आहेत.

प्रत्येक डावाला तोड असते. आबांच्या मते खरी विद्या तोडीत आहे. "डाव कोणीबी मारील. समोरचा डाव मारतोय, हे त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून वळखायचं, अन् आपलं अंग आपोआप फिरायचं. आपोआप! इचार करायला येळ नसतो. ते दहा वर्षांत येतं."

आम्हाला तालमीतली एक रीत फार आवडते. लढतीआधी पैलवान माती उचलून कपाळाला लावतो. मग हात मिळवतो. त्याला सलामी म्हणतात. घामाने अंग निसटते, म्हणून पैलवान आपल्या अंगाला माती लावतो आणि समोरच्याच्या अंगावरही टाकतो. त्याला माझी पकड मिळावी, मला त्याची. समोरचा गडी निसटून पडावा असे त्याला वाटत नाही. कुस्ती खरी व्हावी असे वाटते.

आता एक जुनी गोष्ट. वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. पठ्ठा उलटला तर तो डाव कामी येतो. आपल्याकडे मांजरीने वाघाला सारे शिकवले, पण झाडावर चढणे शिकवले नाही, असे सांगतात. गंमत पाहा, मांजर आणि वाघाची हीच गोष्ट चीनमध्येही आज्या नातवंडांना सांगत आल्या आहेत. गोष्ट मजेची आहे, पण तिच्यामुळे नुकसानही झाले असावे असे आम्हाला वाटते. प्रत्येक वस्तादाने एकेक डाव राखला, तर दहा पिढ्यांत दहा डाव गेले! आबांना हे पटले नाही. "राखतो तो डाव नसतो, गुरुजी," ते म्हणाले. "राखतो ते पोराचं ध्यान." त्याचा अर्थ आम्ही अजून लावतो आहोत.

ही विद्या आपल्याकडे किती जुनी? कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य मराठवाड्यावर होते. त्यांच्यातला राजा तिसरा सोमेश्वर. त्याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. बाराव्या शतकातला. त्यात मल्लांची मेहनत, त्यांचा खुराक, त्यांच्या कुस्त्या यांचे वर्णन आहे. खांबावर करायच्या व्यायामाचाही उल्लेख आहे. म्हणजे नऊशे वर्षे तर झालीच.

खांबावरून मल्लखांब आठवला. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात बाळंभटदादा देवधर नावाचे वस्ताद होते. त्यांची गोष्ट सांगतात ती अशी. निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब असे दोन नामी पैलवान पुण्याला आले. त्यांनी आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तरुण बाळंभटदादांनी ते उचलले, पण मुदत मागितली. ते वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरात गेले. तेथे झाडांवर खेळणारी माकडे पाहून त्यांनी खांबावरची मेहनत बसवली. परत येऊन अलीला पाडले. गोष्टीतला कोणता भाग किती खरा, ते सोडा. मल्लखांबाला नवे रूप देण्याचे श्रेय त्यांना देतात. आव्हान घेतले तरी त्यांनी आधी तयारीला वेळ मागितला, हा भाग आम्हाला आवडतो.

मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा. वर निमुळता. एरंडेल तेल लावून गुळगुळीत केलेला. त्यावर पोरे अशी काही फिरतात की हाडे आहेत की नाहीत, असे वाटते. मूळ हेतू मात्र कुस्तीचाच. खांब हा जणू समोरचा गडी. त्याला विळखा घालायचा, त्याच्यावरून उलटायचे. तो थकत नाही. तक्रार करत नाही.

अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान आखाडा निघाला. तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ नावाची मोठी संस्था झाली. १९३६ मध्ये जर्मनीतल्या बर्लिन शहरी ऑलिंपिक सामने भरले. तेव्हा या संस्थेचे लोक तेथे गेले आणि त्यांनी मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ जगाला दाखवले. त्याच साली त्याच शहरी चीनचेही पथक आपली विद्या दाखवायला आले होते. त्या पथकात बायाही होत्या. अमरावतीची पोरे आणि चीनच्या पोरी एकाच गावी, एकाच उन्हाळ्यात! दोन्ही देश तेव्हा गरीब. दोघांनी सोबत नेले ते घामाने कमावलेलेच.

हे सांगितल्यावर वर्गातल्या बाईंनी मान वर केली. "म्हंजे पोरींनाबी येतं का हे?"

येते. मल्लखांब पोरी करतातच. दोरीचा मल्लखांब तर त्यांच्यात फार चालतो. कुस्तीत मात्र आपण फार उशीर केला. पुरुषांची 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. पहिली स्पर्धा औरंगाबादेत झाली. हसनाबाद तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला आणि औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. पहिला मान दिनकर दह्यारी यांना मिळाला. बायकांची महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ साल उजाडले. ती सांगलीला झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. बासष्ट वर्षांचे अंतर! याला काय म्हणावे?

२०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीचे मैदान आपल्या जालन्यात भरले होते. गदा मिळाली बाला रफिक शेख याला. तालमीत मारुतीची मूर्ती असते. हिंदू पैलवान तिला हात जोडतो, मुसलमान पैलवान त्याच मातीला सलामी देतो. आबांचे वस्ताद मुसलमान होते. "मातीत उतरल्यावर सगळे लाल," आबा म्हणाले. सगळ्या गावांत सगळ्या जातींच्या पोरांना पूर्वीपासून तालमीत घेत होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या तालमीत घेतले, तेथे भेद लवकर मोडले.

मेहनतीला फळ मिळते, पण सरळ मिळत नाही. हे खाशाबा जाधवांकडे पाहून कळते. कऱ्हाडजवळ गोळेश्वर गाव आहे. खाशाबा तेथले. वडील पैलवान होते. १९४८ मध्ये ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तोवर सारी कुस्ती मातीतली. तेथे गादी होती आणि नियम वेगळे. मातीत पाठ लागली की कुस्ती संपते. तेथे गुण मोजतात. तरी त्यांचा सहावा नंबर आला. १९५२ मध्ये फिनलंड देशातल्या हेलसिंकीला जायचे होते. पैसा नव्हता. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी तेथे ब्राँझचे पदक मिळवले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्या भरवून लोकांचे पैसे फेडले. पुढे ते पोलिसात गेले. १९८४ मध्ये अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. आणि कुस्तीतले दुसरे ऑलिंपिक पदक भारताला मिळाले ते २००८ मध्ये!

म्हणून पोराला तालमीत घातले की नोकरी मिळेल, इनाम मिळेल, असा हिशेब आधीच मांडू नका. बहुतेक पैलवानांना मोठी गदा मिळत नाही. जत्रेतल्या मैदानात नारळावर, पागोट्यावर किंवा थोड्या रुपयांवर कुस्त्या होतात. खुराकाचा खर्च त्याहून मोठा असतो. दूध, तूप, बदाम. गरिबाने बदामासाठी कर्ज काढू नये. दूध, हरभरा, भुईमूग, डाळ, भाकरी, अंडी यांवर पोराचे अंग चांगले होते. अंग लवकर फुगवणारी पावडर आणि सुया मात्र मुळीच नकोत. तशा औषधांनी काळीज आणि यकृत खराब होते. कोणी वस्ताद सुई घ्या म्हणाला, तर त्याच दिवशी पोराला घरी आणावे.

मातीचीही काळजी हवी. खरचटलेल्या जागी माती गेली की धनुर्वाताचे भय असते. त्याची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती देतात. ती घेतल्याशिवाय पोराला मातीत सोडू नका. कोणाला गजकर्ण असेल तर तो बरा होईपर्यंत लढत बंद. एकाचे दहा जणांना होते.

अजून एक जुनी घटना सांगतो, ती चीनची. १९०० च्या सुमारास परक्या सत्तांनी चीनला फार छळले होते. तेव्हा खेड्यापाड्यांतली पोरे उठली. मुठींचा व्यायाम, मंत्र, ताईत यांनी आपल्या अंगाला बंदुकीची गोळी लागणार नाही, असे त्यांना कोणी कोणी शिकवले होते. पोरांनी ते खरे मानले. ती बंदुकांसमोर धावली आणि हजारोंनी मेली. शूर होती बिचारी. शिकवणाऱ्याने खोटे शिकवले होते.

आमच्या बोलण्यानंतर वर्गात कोणी बोलले नाही. भाऊंनी जाहिरात घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या आठवड्यात ते जाहिरातीवरच्या पत्त्यावर गेले. एकटेच. पोराला नेले नाही. आबांनी त्यांना विचारायचे प्रश्न सांगितले होते आणि भाऊंनी ते वहीच्या पानावर स्वतः लिहून नेले होते. तुमचे वस्ताद कोण? त्यांच्याकडे किती वर्षे राहिलात? पहिले तीन महिने काय करून घेता? पोर पडले, लागले, तर काय करता? तुमचे जुने शिष्य कुठे आहेत, त्यांना भेटू का?

"काय म्हणाले?" आम्ही विचारले.

"पहिल्या दिवसापासून फाइट शिकवतो म्हणाले. वस्तादाचं नाव विचारलं तर म्हणाले, हे सारं इंटरनेटवर आहे. मग म्हणाले, आज भरले तर पाच हजारांत करू." भाऊ हसले. "मी म्हटलं, भाव कमी करायला ही काय भाजी हाय?"

आम्ही सगळ्या कराटेच्या वर्गांना खोटे म्हणत नाही. कराटे चांगले शिकवणारेही आहेत. तेही आधी उभे राहायलाच शिकवतात आणि काळ्या पट्ट्याला वर्षे लावतात. तशांच्या वर्गात पोर गेले तर वाईट काही नाही. त्यांनाही हेच प्रश्न विचारावेत.

पोरगा रुसला. दोन दिवस जेवला नाही म्हणे. मग आबा त्याला घेऊन शेजारच्या गावच्या तालमीत गेले. वस्तादाने पोराकडे पाहिले, नारळ घेतला आणि फावडे हातात दिले.

पुढे महिनाभराने भाऊ वर्गाला उशिरा आले. तालमीत जाऊन आले होते. आम्ही विचारले, "काय शिकला पोरगा?"

"काही न्हाई. माती खांदतोय. कुरकुर करतोय," ते म्हणाले. "एकबी डाव दाखवला न्हाई वस्तादानं." मग त्यांनी खिशातून कागद काढला. तीच रंगीत जाहिरात. तिच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पोराने रोजचे जोर लिहिले होते. भाऊंनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "दहा. दहा. बारा. अकरा. पंधरा." अकराच्या आकड्याशी ते थांबले. "हितं कमी काहून झाले?"

"त्या दिवशी ताप होता," आबा मागून म्हणाले. "तरी आला होता. मीच घरी धाडला."

भाऊंनी मान हलवली आणि पुढचा आकडा वाचला.